मधे खणायचं नाही

कुशाबा हा माणूस मला पहिल्या भेटीत अजिबात आवडला नाही. उंबरवाडीत मी ग्रामसेवक म्हणून हजर झालो त्या दिवशी सरपंचांनी चावडीत सगळ्यांशी माझी ओळख करून दिली. प्रत्येकानं रामराम घातला. कुशाबानं माझ्या पायांकडं बघितलं आणि विचारलं, "बूट घालून हिंडनार व्हय तुमी गावात?" मी म्हटलं, हो. तो "हिंडा" म्हणाला आणि उठून गेला. मी पण जरा तापट आहे. पुढं वर्षभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

उंबरवाडी हे नाव मी बनवलेलं आहे. गाव मुळशीतलंच, कासारसाई आणि माणच्या मधल्या अंगाचं, एवढंच सांगतो. त्यापुढं कुणी शोधायला जाऊ नये. का, ते पुढं कळेल.

कुशाबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला महाग. भाताची खाचरं, वरकस जमिनीत नाचणी आणि दोन बैल एवढा त्याचा संसार. तालीची, म्हणजे शेताच्या बांधाची, दगडी रचाई करावी तर त्यानंच, असं गावात म्हणत. बायको रत्नाबाई. एक मुलगा फौजेच्या कारखान्यात कामाला, तो देहूरोडला राहायचा. एक मुलगी झाली होती, ती तान्ही असतानाच गेली. याशिवाय त्याच्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडं काही नव्हतं. एक सोडून, आणि ते कुणी सांगत नसे.

ती गोष्ट मला कळली ती गाव सोडताना. पण वाचणाऱ्याला मी आत्ताच सांगून टाकतो. उगाच राखून ठेवून शेवटी चकित करणं मला जमत नाही, आणि ती ठाऊक नसेल तर कुशाबा तुम्हालाही माझ्यासारखाच आडमुठा वाटेल.

दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. हे सगळीकडंच आहे. उंबरवाडीची रीत अशी, की ते काम एकाच घराकडं. कुशाबाच्या आज्यापासून कुशाबापर्यंत. लेकराचा बाप त्याला कापडात गुंडाळून ओढ्यापर्यंत आणायचा, कुशाबाच्या हातात द्यायचा आणि जांभळीखाली पाठ फिरवून उभा राहायचा. कुशाबा एकटा ओढा ओलांडून जायचा. काम करून परत यायचा. बापानं जागा विचारायची नाही, कुशाबानं सांगायची नाही. आईला तर नाहीच नाही. आईला जागा कळली तर तिचा जीव तिथंच अडकतो, घरात राहिलेल्या लेकरांकडं ती बघत नाही, असं सगळे मानत. त्यामुळं गावाचा समज असा, की ही लेकरं ओढ्यापलीकडं, डोंगराच्या झाडीत कुठंतरी आहेत.

ती तिथं नव्हती. पलीकडं कोल्हे उकरतात, हे कुशाबाच्या आज्याला फार पूर्वीच कळलं होतं. तो ओढा ओलांडून झाडीत शिरायचा, वरच्या अंगानं पुन्हा अलीकडं यायचा आणि आपल्या शेताच्या तालीमागं जो गावठाणाचा माळ होता तिथं खड्डा घ्यायचा. कुशाबाचा बाप तसंच करत आला, आणि कुशाबाही. माळावर घाणेरीची झुडपं माजलेली. ताल उंच, त्यामुळं गावातून दिसायचं नाही. तिथं कुणी नांगर घातला नाही, आणि धनगर मेंढरं बसवायला आले तर कुशाबा त्यांना आपल्या खाचरात बसवून घ्यायचा, माळावर जाऊ द्यायचा नाही. गाव म्हणायचं, लेंडीखताचा लोभी.

आता माझी बाग.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात जिल्हा परिषद झाली, पौडला पंचायत समिती बसली आणि कागदांचा पूर आला. त्यात एक कागद असा होता, की गावोगावी लहानापासून वृद्धापर्यंत सर्वांसाठी सार्वजनिक उद्यान करावं, जागा गावानं द्यावी, श्रमदान करावं, सरकार रोपं आणि सल्ला देईल. ग्रामसेवक म्हणजे ज्याला गाव सरकार समजतं आणि सरकार गावठी समजतं असा माणूस. असले कागद मी घडी घालून ठेवत असे. पण हा कागद सरपंचांच्या हाती आधी लागला.

सरपंच जयसिंग. पस्तिशीचा, उमदा, पुण्यात बरंच हिंडलेला. पुण्यातल्या बागा त्यानं बघितल्या होत्या आणि आपल्या गावाला बाग असावी हे त्याच्या मनात फार होतं. त्यानं जागाही ठरवून टाकली. गावाजवळ, सपाट, कुणाच्या मालकीची नाही, कुणी पेरत नाही, ओढ्याचं पाणी हाताशी. तालीमागचा माळ. मीही म्हटलं, यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

मग मला हुरूप आला. बाग सगळ्यांची, तर सगळ्यांना विचारू, असं म्हणून मी घरोघर हिंडलो. पोरांना झोका आणि घसरगुंडी हवी होती. जरा मोठ्या पोरांना तालमीसाठी तांबड्या मातीचा हौदा. बहिरूआबा गावातले सगळ्यात म्हातारे, त्यांनी नेमकं सांगितलं, "टेकाया पाठ पायजे, आनि उठताना धराया कायतरी. पारावर बसल्यालं मानूस दुसऱ्यानं उठवस्तवर उठत न्हाई." हे ऐकून मी खूप हसलो. मग एकदा पारावरून त्यांना उठताना बघितलं आणि हसू गेलं.

रत्नाबाईचं मात्र मला कायमचं लक्षात राहिलं. पंचायतीत बायकांसाठी दोन जागा ठेवायचा कायदा झालेला, त्यातली एक रत्नाबाईची. दुसरी सगुणाबाईची, पण त्या कधी यायच्या नाहीत, त्यांचा अंगठा घरी जाऊन आणावा लागे. रत्नाबाई मात्र डोईवर पदर घेऊन यायची, दाराशी बसायची आणि बोलायची. ती म्हणाली, "भाऊसाहेब, बाप्या बसला तर बसला. बाई कुटं बसली की का बसली म्हनून इचारत्यात. देवळात बसली तर घरात कायतरी झालं. पानवठ्याला बसली तर कामचुकार. आमाला बिनकारनाचं बसाया जागा पायजे." सभेत कुणीतरी खाकरलं. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

नकाशा मी काढला. चौकोनी माळ, दोन सरळ वाटा एकमेकींना छेदणाऱ्या, मधोमध गोल फुलांचा वाफा, चार कोपऱ्यांत चार वयांची माणसं. मला तो फार सुंदर वाटला होता. सभेत पसरला तेव्हा सगळे वाकून बघत होते. कुशाबा पंचायतीत नव्हता, पण माळाला त्याचं शेत लागून म्हणून बोलावलं होतं. त्यानं बराच वेळ बघितलं, आणि मधल्या गोलावर बोट ठेवलं.

"मधे खनायचं न्हाई."

"का?"

"पानी लागतंय."

जयसिंग त्याला म्हणाला, "तात्या, पाणी लागलं तर बरंच की, विहिरीचा खर्च वाचला." सगळे हसले. कुशाबा हसला नाही. "हीच जागा कशापायी?" तो म्हणाला. "देवळामागं घ्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला घ्या." देवळामागं खडक, खालच्या अंगाला पावसाळ्यात पाणी चढतं, हे त्यालाही ठाऊक होतं. रत्नाबाई दाराशी ताठ बसली होती. तिनं मागितलेली बाग, आणि चारचौघांत नको म्हणणारा तिचाच नवरा. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिनं त्याच्याकडं न बघता माळाच्या बाजूनं हात वर केला.

झालं. गावात बोलणं सुरू झालं. माळ त्याच्या शेताला लागून आहे, हळूहळू आत सरकायचा त्याचा बेत आहे, म्हणून धनगरांनाही तिथं थांबू देत नाही. ऐकणाऱ्याला पटेल असंच ते होतं. मलाही पटलं.

दोन दिवसांनी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, तालमीचा हौदा आणि झाडांसाठी आपल्या शेतातली तालीलगतची पट्टी तो बागेला देतो. चांगली भाताची पट्टी. वर म्हणाला, रचाई सगळी तो स्वतः करेल, फक्त बाग त्याला आखू द्यावी. मला वाटलं, आता तरी गाव गप्प बसेल. पण गाव म्हणालं, एवढं देतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

त्याच्या घरी सही घ्यायला गेलो तर आणखी वेगळा प्रकार. कुशाबा ओसरीवर बसलेला, रत्नाबाई चुलीपाशी. ती मला म्हणाली, "भाऊसाहेब, त्यांना सांगा, भाकर वाढलीया." तो हाताच्या अंतरावर होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "त्यांना सांगा, भूक न्हाई." रत्नाबाई मग माझ्याशीच बोलत राहिली, पण ऐकवायचं त्याला होतं. "घरची पट्टी देताना मला इचारलं न्हाई. आनि माज्या बायांना वीतभर जागा द्यायची तर पानी लागतंय म्हनं. तीस वर्सं झाली या घरात येऊन. ह्या मानसाच्या पोटात काय हाय, मला कदी कळलंच न्हाई." कुशाबानं सही केली.

बाग आखायला मात्र त्यानं घेतली, आणि आखली अशी, की माझा सगळा नकाशा मोडला. बसायचा पार गावाच्या बाजूला, तालीला चिकटून, म्हणजे तालीचीच पाठ टेकायला. शेवटाला दोन दगड उभे, धरून उठायला. बहिरूआबा तर रचाई चालू असतानाच येऊन बसायला लागले. झोका जुन्या आंब्याच्या फांदीला, खांब पुरायची गरज नाही. घसरगुंडी तालीच्या उतारावर, गुळगुळीत फरशांची. झाडं सगळी कडेनं, त्याच्याच पट्टीत. आणि मधे काही नाही. घाणेरी कापली, तीही उपटू दिली नाही, बुडापासून कापून घेतली. वाट सरळ जायची ती मधल्या जागेला वळसा घालून गेली. मला कबूल केलं पाहिजे, बाग माझ्या नकाशापेक्षा चांगली दिसत होती. पण मधलं ते मोकळं माळरान डोळ्यांत खुपायचं.

तेवढ्यात दिवाळीच्या तोंडावर चीनची लढाई लागली.

चावडीतल्या रेडिओभोवती सगळं गाव जमायचं. जयसिंगाचा धाकटा भाऊ फौजेत, वर बर्फात कुठंतरी. त्याचं पत्र येईना. जयसिंगाचं वजन उतरलं, चेष्टा करणं थांबलं. लढाई थांबली तरी पत्र आलं नाही. मग एक दिवस त्यानं सभेत सांगितलं, की सव्वीस जानेवारीला बागेच्या मधोमध झेंडा उभा राहील. दगडी चौथरा, लोखंडी खांब, खाली खोल पाया. पौडहून साहेब येतील.

कुशाबा म्हणाला, "मधे न्हाई. पारापाशी लावा."

जयसिंग उठून उभा राहिला. "माजा भाऊ बर्फात उबा हाय का न्हाई, ते बी मला ठाव न्हाई. आनि मी हितं झेंडा कोपऱ्यात लावू? तात्या, तुमाला झेंड्याचं बी वावडं हाय?"

कुशाबा उठून चावडीबाहेर गेला. नाही म्हणायला तरी थांबायला हवं होतं. त्या दिवसापासून लोक त्याचा रामराम घेईनासे झाले. दुकानात काडेपेटी मागितली तर संपली म्हणायचे. भाताच्या मळणीला कुणी गेलं नाही, दोघा नवराबायकोनं न बोलता मळणी काढली. रात्रीत कुणीतरी त्याच्या शेताच्या वाटेवर काट्या टाकल्या. आणि एवढं सगळं होत असताना त्याच्याकडं एक वाक्य होतं, जे बोललं असतं तर सगळे खाली मान घालून घरी गेले असते. ते तो बोलला नाही.

मी त्याला गाठून म्हटलं, "कुशाबा, एक कारण सांगा. खरं कारण. मी सरपंचांशी भांडतो."

तो तालीवर दगड बसवत होता. दगड नीट बसेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाला, "कारन हाय. पर सांगायचं न्हाई असं हाय."

"तुमच्यापेक्षा गाव मोठं आहे."

"व्हय," तो म्हणाला. "म्हनूनच."

मी चिडून निघून आलो. दुसरं काय करणार होतो.

झेंड्याचा पाया खणायचा दिवस ठरला. जानेवारीतली थंडी, सकाळी धुकं उतरलेलं. पुरुष कुदळी घेऊन आले, बायका पाट्या घेऊन. गावाबाहेर उतरलेल्या धनगरांच्या वाड्यातली तुकाबाई पण कडेला येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची बाई. दर वर्षी त्यांची मेंढरं त्याच सुमारास गावात यायची, आणि ती तरणी असताना एका वर्षी तिचंही लेकरू याच गावात गेलं होतं. मी चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखून दिला. जयसिंग पहार घेऊन मधे निघाला.

कुशाबा त्याच्या आधी तिथं जाऊन उभा होता.

"तात्या, बाजूला व्हा."

"न्हाई."

"मग आज सांगाच. सगळ्यांम्होरं सांगा, का न्हाई. न्हाईतर मी तुमाला उचलून बाजूला ठेवनार हाय, वयाचा मान गेला खड्ड्यात."

चार पोरं पुढं सरसावली. कुशाबानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो बायकांच्या रांगेकडं बघत होता. एकेकीकडं. तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. त्या रांगेत अशी घरं फार थोडी होती, की ज्यांच्या दारातून त्यानं कधीच काही नेलं नव्हतं. बोलावं तर त्या सगळ्यांना कळणार, आणि न बोलावं तर पहार खाली जाणार. त्यानं एकदा ओठ ओले केले आणि म्हणाला, "ऐका."

रत्नाबाई त्याच्या पायांकडं बघत होती.

घाणेरी बुडापासून कापलेली, त्यामुळं माळभर टोकदार खुंट राहिले होते. त्यावर उघड्या पायानं कुणी चालेना. रोज अनवाणी हिंडणारी माणसंही त्या दिवशी पायात काही ना काही घालून आली होती. कुशाबाचं पायताण मात्र माळाच्या कडेला काढून ठेवलेलं होतं. शेजारी शेजारी, नीट, देवळाबाहेर काढतात तसं. त्याचा एक पाय रक्ताळला होता. तिनं पायताणाकडं बघितलं, त्याच्या पायांकडं बघितलं, मग त्याच्या पुढ्यातल्या मातीकडं. मी तिच्यापासून फार लांब नव्हतो. चार महिने त्या चेहऱ्यावर नुसता राग बघितला होता, तो माझ्यासमोर गळून गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवेना. तिनं हातातली पाटी हळूच खाली ठेवली.

"अवं," ती म्हणाली. चार महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "बोलू नका. काय बी बोलू नका."

कुशाबाचं तोंड उघडं तसंच राहिलं.

तिनं पायातलं काढून त्याच्या पायताणाशेजारी ठेवलं, खुंटांतून चालत आली आणि मी आखलेल्या चौकोनात मातीवर बसली. पदर गुडघ्यावर ओढून घेतला. आवाज बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता.

"जयसिंगा, मी तवा म्हनलं व्हतं, बायकांना बिनकारनाचं बसाया जागा पायजे. ती ही. हितं आमी बसनार. हितं कुनी कदी खनायचं न्हाई. झेंडा पारापाशी लाव. तुजा भाऊ आला की त्याला येशीतनंच दिसंल."

मग कडेला उभी असलेली तुकाबाई आत आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. ती रत्नाबाईपासून जरा लांब, तोंड दुसरीकडं करून बसली आणि तिनं तळहात मातीवर ठेवला. मग सगुणाबाई, ज्यांचा अंगठा मी घरी जाऊन आणायचो. मग त्यांच्या मागं बाकीच्या. काही जणींना कळलं असेल. काही जणी नुसत्या रत्नाबाई बसली म्हणून बसल्या असतील. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एक तरणी सून बसता बसता रडायला लागली, आणि शेजारच्या बाईनं तिला का रडतेस म्हणून विचारलं नाही, नुसतं जवळ घेतलं.

शेवटी जयसिंगाची आई उठून आत गेली. तोवर ती पारावर होती, गुडघे दुखतात म्हणून. जयसिंगानं तिला जाताना बघितलं, तिनं आपल्या लेकाकडं एकदा बघितलं आणि ती हात टेकत खाली बसली. त्याला त्या क्षणी काय उमगलं मला माहीत नाही. आईसमोर पहार घेऊन त्याला उभं राहवेना. त्यानं ती खाली ठेवली आणि पोरांना म्हणाला, "चला, पारापाशी खना."

कुशाबा त्या सगळ्या बायकांच्या मधे उभा होता. बाहेर यायला वाट होती, पण पाऊल कुठं टाकावं ते त्याला कळेना. मग फेट्याच्या शेवटानं तोंड झाकून तो तिथंच खाली बसला. एवढा थोरला माणूस लहान मुलासारखा रडला. आम्ही पुरुष पाठ फिरवून पारापाशी गेलो.

सव्वीस जानेवारीला साहेब आले. झेंडा झाला, पोरांनी गाणी म्हटली, मग साहेबांनी बाग बघितली आणि विचारलं, "मधे काहीच कसं नाही?" जयसिंग तत्काळ म्हणाला, "साहेब, ती खास महिलांची जागा. आमच्याच डोक्यातली कल्पना." साहेब फार खूश झाले. मी दात आवळून उभा राहिलो. जयसिंगाचा भाऊ होळीच्या आधी परतला, पायाची बोटं बर्फात घालवून. बहिरूआबांच्या शेजारी, उठताना धरायच्या दगडापाशी त्याची जागा झाली. कुशाबाचा रामराम लोक हळूहळू घ्यायला लागले. चुकलो असं मात्र त्याला कुणी म्हणालं नाही. गावाला तशी सवय नसते.

मी आणखी तीन वर्षं तिथं होतो. बदलीचा हुकूम आल्यावर मी निघालो त्या दिवशी कुशाबा मला एसटीपर्यंत पोचवायला निघाला. वाट बागेवरून जात होती. तो माळाच्या कडेला थांबला, आणि मग त्यानं मला ते सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून बसलो आहे. आज्याचं, कोल्ह्यांचं, जांभळीखाली पाठ करून उभ्या राहणाऱ्या बापांचं. आता पौडला दवाखाना आहे, नर्सबाई येतात, दोन वर्षांत त्याला कुणी हाक मारली नव्हती. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. आपलं काम बंद पडलं म्हणून एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

"मला का सांगताय?" मी विचारलं.

"तुमी चाललाय म्हनून."

मधे आंब्याची सावली पडली होती आणि बायका बसल्या होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी नुसतीच बसली होती, बिनकारणाची. सगळ्यांची पायताणं कडेला काढलेली. ती सवय कुणी लावली नव्हती. पोरं झोका खेळता खेळता मधे धावत येत आणि कडेला आली की तीही चपला भिरकावत. मी खाली बघितलं आणि माझे बूट काढले. कुशाबा ते बघत होता.

"तुमची मुलगी?" मी विचारलं.

त्यानं हनुवटीनं दाखवलं. उजव्या अंगाला, जरा उंचवट्यापाशी. तिथं, धनगरांच्या वाड्याबरोबर त्या वर्षीही आलेली, तुकाबाई बसली होती, मांडीवर नातवंड घेऊन. रत्नाबाई बरीच अलीकडं, दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर होती. आम्ही बघत असतानाच सावली सरकली, तशा सगळ्या सुपं उचलून सरकल्या. रत्नाबाई उठली आणि आणखी लांब जाऊन एका तरण्या पोरीजवळ बसली.

मला राहवेना. "सांगून टाका ना त्यांना. इतक्या वर्षांनी तरी. त्यांचा हक्क आहे."

"तिनं इचारलं न्हाई."

"त्यांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगा."

कुशाबानं तिच्याकडं बघितलं. खाली रस्त्यावर एसटीचा आवाज यायला लागला होता.

"सांगितलं तर ती रोज तितंच बसंल, भाऊसाहेब," तो म्हणाला. "आता सगळ्यांपाशी बसती."